एक पायरी वर

सोमवार, ३ मार्च

आज माझ्यामुळे एक बाळ वाचलं. फुशारकी म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिते. नवजात बाळांच्या या वॉर्डाची मी अकरा वर्षं इन्चार्ज आहे आणि बाळ नुसतं उचललं की त्याचं वजन मला सांगता येतं, पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे.

सकाळी सात नंबरच्या काचेच्या पेटीतल्या बाळाचे ठोके एकदम बिघडले. वजन दोन किलो. डॉक्टरीणबाईंनी फाइलवर डोस लिहिला आणि त्या प्रसूतीच्या खोलीकडे पळाल्या. आमच्याकडे एकीनं फाइल वाचायची आणि दुसरीनं हिशेब करून सिरिंज भरायची, असा नियम आहे. मी वाचलं. हिशेब गोगलगायीनं केला.

गोगलगाय म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी पुरुषांच्या वॉर्डातून बदलून आलेली सिस्टर. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. नाव पोरींनी ठेवलं. मी ठेवलं नाही, पण बंदही पाडलं नाही. बाई साधा हिशेबसुद्धा कागदावर मांडते, ओळीखाली ओळ, प्रत्येक आकड्यापुढे मिली आणि मायक्रोग्रॅम लिहून. मी तोंडी करते.

तर ती सिरिंज घेऊन आली. दोन मिली! मी तिचा हात हवेतच धरला. "अगं, हे बाळ आहे की पैलवान?"

डॉक्टरीणबाईंना परत बोलावलं. डोस होता दहा मायक्रोग्रॅम. पातळ केलेल्या औषधात एका मिलीला पन्नास. दहा छेद पन्नास, म्हणजे एक पंचमांश, म्हणजे ०.२ मिली. हिनं भरलं होतं बरोब्बर दहापट.

"तुम्ही शंभर वाचलंत, सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली.

मी शंभर वाचीन? डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडून दाखवली. १०.०, असं लिहिलेलं. पुरुषांच्या वॉर्डात शंभर रोजचंच, कानांनी सवयीचं ऐकलं, दुसरं काय! चुकांच्या नोंदवहीत मी तसंच लिहिलं, तिच्या नावानं. 

बाळ ठीक आहे.

मंगळवार, ४ मार्च

मेट्रनबाईंनी बोलावलं. नोंदवही त्यांच्यासमोर उघडी होती. म्हणाल्या, "एकीचा दोष धरून भागणार नाही. सगळ्यांचं गणित तपासा. तुम्ही शिकवा, बावीस तारखेला परीक्षा घ्या. जी नापास, ती वॉर्डाबाहेर."

"आणि गोगल... ती सिस्टर?"

"ती नापास झाली तर तिच्या कागदांवर शेरा जाईल. मग तिला कुठलाच वॉर्ड घेणार नाही."

मला वाईट वाटलं, पण शिकवण्याचा आनंदही झाला. शाळेत मी गणितात पहिली असायची. चौदा जणींना अपूर्णांक शिकवायचे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

गुरुवार, ६ मार्च

पहिला वर्ग. जागा, चादरी ठेवायची खोली. फळा बालरोग विभागातून आणवला.

सुरुवातीलाच विचारलं, एक षष्ठांश मोठा की एक अष्टमांश? निम्म्या जणी म्हणाल्या, अष्टमांश. लंबू म्हणून एक उंच सिस्टर आहे, ती तर छातीठोकपणे म्हणाली, "आठ मोठे ना सहापेक्षा!" मी बँडेजच्या दोन सारख्या गुंडाळ्या उलगडल्या, एकीचे सहा तुकडे केले, दुसरीचे आठ, आणि एकेक तुकडा तिच्या हातात दिला. लंबूनं दोन्ही तुकडे मनगटाला गुंडाळून पाहिले आणि कपाळावर हात मारला. खालचा आकडा मोठा, तेवढे वाटेकरी जास्त, तेवढा वाटा लहान. आता ती मेली तरी विसरणार नाही.

मग संक्षेप. वर हवं तेवढं औषध, खाली एका मिलीत असलेलं औषध, आणि दोन्हीला एकाच आकड्यानं भाग देत खाली उतरायचं. तीस छेद एकशे वीस. वर-खाली एकेक शून्य उडवा, तीन छेद बारा. तीननं भाग द्या, एक छेद चार. खेळ खलास!

मागच्या बाकावरून गोगलगायीनं विचारलं, "कुठलंही शून्य उडवायचं का, सिस्टर? टिंबानंतरचंही?"

"टिंबानंतर शेवटी लोंबणाऱ्या शून्याला काही किंमतच नसते."

"मग लिहितात कशाला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पहिल्या पाच उदाहरणांना तिला बावीस मिनिटं लागली. पाचही बरोबर होती, हे मान्य. पण बाळ बावीस मिनिटं थांबतं का?

जाता जाता: या खोलीतली ट्यूब बदलायला सांगायला हवी. फळ्यावर मीच लिहिलेलं मला मागून दिसेना. खडूही हल्ली पांढरा कमी आणि राखाडी जास्त येतो.

मंगळवार, ११ मार्च

आजचा वर्ग रंगला. श्रेय थोडं गोगलगायीला द्यायला हवं, थोडंच.

मी सांगत होते की उत्तर काढल्यावर ते शक्य आहे का, हे बघा. ती उठून उभी राहिली. तिला उभं राहायलाही वेळ लागतो. म्हणाली, "सिस्टर, उत्तर काढल्यावर कशाला, आधीच बघूया की. तिकडे पुरुषांच्या वॉर्डात माणूस साठ किलोचा. इथे बाळ दीड किलोचं. साठ छेद दीड म्हणजे चाळीस. इथलं प्रत्येक बाळ म्हणजे तिथल्या पेशंटचा चाळिसावा भाग. मग औषधही साधारण तेवढंच लहान असणार ना? अगदी बरोबर नाही येणार, पण निदान कुठल्या घरात आहे ते कळेल."

 मी तो धागा लगेच पकडला आणि पुढे नेला. फळ्यावर जिना काढला, प्रत्येक पायरी दहापटीची. ग्रॅमपासून मायक्रोग्रॅमपर्यंत सहा पायऱ्या खाली. अंदाज आणि हिशेब यांत दीड-दोनपट फरक पडला तर चालेल, पण एक पूर्ण पायरी चुकली तर हात थांबलाच पाहिजे. ही युक्ती माझीच म्हणायला हरकत नाही, जिना मी काढला.

औषधालयातले काका दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मिठाचा एक बारीक कण असतो ना, तो साधारण साठ मायक्रोग्रॅमचा."

म्हणजे सात नंबरच्या बाळाचा दहाचा डोस, दहा छेद साठ, मिठाच्या कणाचा सहावा भाग. तेवढ्यावर त्याचं काळीज ताळ्यावर आलं. आणि भरलं गेलं होतं ते जवळपास दोन कण. दोन कण मीठ जिभेवर ठेवलं तर मला चवही लागणार नाही.

लंबूला शहारा आला. मलाही, पण मी दाखवला नाही.

आजपासून वॉर्डात नियम केला. सिरिंज भरण्याआधी हिशेब करणारीनं अंदाज मोठ्यानं सांगायचा.

शुक्रवार, १४ मार्च

सुट्टी. ह्यांच्या गणवेशाच्या शर्टाचं बटण तुटलं होतं ते लावायला बसले. हल्ली सुया करणारे नेढं पाडायचंच विसरतात की काय, कोण जाणे. तीन सुया बदलल्या. शेवटी ह्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, दोरा ओवला आणि परत दिली, काही न बोलता. मग बोललेच.

"एकदा डोळे दाखवून ये."

"मला काय झालंय?"

"दिवा लावूनही तू दिवा लाव म्हणतेस."

हे बस चालवतात. दर वर्षी त्यांना डोळे तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे ज्याच्या त्याच्या डोळ्यांत ह्यांना काहीतरी दिसतं. मी म्हटलं, "माझ्या हातून एकतीस वर्षांत शीर चुकलेली नाही." ते खरंच आहे. शीर मला बोटांना कळते.

बटण लावलं. थोडं वाकडं बसलं. धागाच भिकार होता.

सोमवार, १७ मार्च

गोगलगायीची नवीनच एक खोड लक्षात आली. मी फाइल वाचून मिटली की ती परत उघडून बघते. आज विचारलंच, "माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे की."

"मग?"

"सवय आहे, सिस्टर."

जेवणाच्या सुट्टीत ती एकटी बसली होती म्हणून शेजारी बसले. परीक्षेची भीती वाटते का, विचारलं. म्हणाली, परीक्षेची नाही. मग कशाची, विचारलं तर तिनं वहीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तीन तारखेचा हिशेब. "सांगितलेला डोस १०० मायक्रोग्रॅम. एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम. १००/५० = २ मिली."

"हा तर तुझ्याच विरुद्धचा पुरावा," मी म्हटलं. "बघ, तू शंभर ऐकलंस हे तूच लिहून ठेवलं आहेस."

तिनं कागदाची पुन्हा घडी केली. "हो," म्हणाली, "ऐकलं तेच लिहिलं."

घरी येताना हे वाक्य डोक्यात घुमत राहिलं. हिशेब बिनचूक होता. चूक झाली असेल तर हिशेबाच्या आधी झाली. क्षणभर असं मनात आलं की मी खरंच... छे! अकरा वर्षं वाचते आहे मी त्या फायली.

गुरुवार, २० मार्च

घरी येऊन चार तास झाले. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला. लिहिल्याशिवाय चालणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास तीन नंबरच्या पेटीतलं बाळ. मुलगी, कालच जन्मलेली, दीड किलोची. रंग बदलला, ठोके सैरभैर. डॉक्टरीणबाईंनी डोस लिहिला आणि त्या स्वतः मुलीचा श्वास सांभाळायला पेटीशी वाकल्या. मी फाइल उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "तीस मायक्रोग्रॅम." औषध एका मिलीत तीस. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. तीस छेद तीस, एक मिली.

गोगलगायीनं औषधाची बाटली हातात घेतली आणि ती थांबली.

"नाही," म्हणाली.

मला वाटलं ती बाटलीबद्दल बोलते आहे. "भर ना, लवकर!"

"बाळ दीड किलोचं, सिस्टर. या औषधाचे किलोला दोन देतात. माझा अंदाज तीन. तीस एक पायरी वर आहे."

"फाइलवर लिहिलंय अगं!"

"मग परत वाचा."

मी परत वाचलं. "तीस." माझा आवाज चढला होता. लंबू वळून बघायला लागली. पेटीवरचं यंत्र किणकिणत होतं आणि ही बाई, जिला उठून उभं राहायलाही वेळ लागतो, तिळभर हलली नाही. बाटली खाली ठेवून तिनं माझ्या हातातली फाइल धरली आणि तीन आणि शून्य यांच्यामध्ये नख टेकवलं.

"इथे टिंब आहे."

"कुठे?"

"माझ्या नखाशी."

मला दिसेना. मी तिचं नख बघत होते, नखावरची पांढरी रेघ दिसत होती, कागद दिसत होता, पण टिंब नव्हतं. मी फाइल घेऊन खिडकीशी गेले, उन्हात धरली, नाकाजवळ आणली. तेव्हा दिसलं. ३.०. ठसठशीत.

मागून तिचा आवाज आला, "तीन छेद तीस. एक दशांश. ०.१ मिली. अंदाजाशी जुळतंय." लंबूनं फाइल माझ्याकडून घेऊन वाचली, "तीन पूर्णांक शून्य, बरोबर." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, तीनच, द्या." दिलं. वीस मिनिटांनी मुलीचा रंग परत आला.

मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले.  थोड्या वेळानं ती आली, पाण्याचा पेला घेऊन.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन तारखेपासून वाटत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, सिस्टर. एकदा."

मी पेला खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "तेव्हा शंभर ऐकून मीही थांबायला हवं होतं. तिकडच्या सवयीनं मला ते जास्त वाटलंच नाही. आज वाटलं. त्या जिन्यामुळे वाटलं."

जिना तिचाच होता. मी फक्त खडू धरला होता.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे रजा टाकून बरोबर आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. बारीक अक्षर, फिकट खूण, कमी उजेड, यात आधी घात होतो म्हणाले. मी विचारलं, किती दिवसांपासून असेल? "दिवस कसले, वर्ष तरी झालं असेल." ह्यांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. रस्ता ओलांडताना नुसता हात धरला.

तिथून थेट मेट्रनबाईंकडे. नोंदवही मागून घेतली. तीन तारखेच्या नोंदीवर काट मारली, खाली लिहिलं की फाइल वाचणारीनं, म्हणजे मी, १०.० हे शंभर वाचलं, हिशेब करणारीचा दोष नाही. त्याखाली कालची नोंद. दोन्हींखाली माझी सही.

मेट्रनबाईंनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. "हे लिहिलं नसतंत तर कुणाला कळलं नसतं."

"तिला कळलं होतं."

"पुढे काय?"

"तुम्हीच म्हणाला होतात, नापास ती वॉर्डाबाहेर."

त्यांनी नोंदवही मिटली. म्हणाल्या, "डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही आणि फाइल वाचायची नाही. वॉर्ड सोडायचा की नाही ते नंतर बघू. मधल्या काळात औषधांचं कोण बघेल?"

मी नाव सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. "ती फार हळू आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

आणखी एक मागून घेतलं, आणि ते त्यांनी सगळ्या रुग्णालयासाठी मान्य केलं. यापुढे कुणीही टिंबानंतर शेवटी नुसतं शून्य लावायचं नाही. तीन म्हणजे तीन. आणि टिंब पहिलं येत असेल तर त्याआधी शून्य लावायचंच, म्हणजे टिंब एकटं पडून हरवणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं ते शून्य आम्ही सवयीनं लिहीत होतो.

या वहीच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं आहे की माझ्यामुळे एक बाळ वाचलं. ते पान फाडत नाही. राहू दे.

शनिवार, २२ मार्च

परीक्षा झाली. चौदाच्या चौदा पास. पंधरावी मीही बसले; लंबूनं मला प्रश्न वाचून दाखवले. मी सगळ्यांत आधी उठले आणि एक उत्तर चुकलं. अठरा छेद चोवीसचे दोन तृतीयांश केले घाईघाईत. गोगलगायीनं तपासताना त्यावर लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "अंदाज?" खरंच की. अठरा म्हणजे चोवीसच्या अर्ध्यात आणखी अर्ध्याचं अर्धं. पाऊण! बघता क्षणीच दिसायला हवं होतं.

मी तिला तिच्या नावानं हाक मारली. चार जणींनी वळून पाहिलं, कुणाला बोलावते आहे म्हणून.

शनिवार, १२ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. भिंती इतक्या पांढऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मेट्रनबाईंनी वॉर्ड माझ्याकडेच ठेवला आहे. औषधं मात्र अजून तिच्याकडे, आणि दुसरा डोळा झाल्यावरही राहू द्या असं मी सांगितलं आहे. मी परत ठणठणीत आहे. चुकीतून उठलेल्या माणसाला ठणठणीत वाटावं का, कुणास ठाऊक, पण वाटतं.

आज तीन नंबरची मुलगी घरी गेली. आईनं काट्यावरचा आकडा पाहिला आणि चेहरा पाडला. "चोवीस दिवसांत अर्धाच किलो?"

"अर्धा किलो छेद दीड किलो करा," मी म्हटलं. "एक तृतीयांश. तुमचं वजन साठ धरलं तर तुम्ही तेवढ्याच दिवसांत वीस किलोंनी वाढलात."

ती हसली. पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. मग माझे दोन्ही हात धरले. "सिस्टर, तुमच्यामुळे हो."

शेजारी औषधं सांभाळणारी ती उभी होती, चादरीच्या घड्या घालत. मी हात सोडवून घेतले आणि सांगितलं. सगळं. वीस तारखेला मी तुमच्या मुलीला दहापट औषध द्यायला निघाले होते, आणि या बाईंनी मला थांबवलं. मेट्रनबाईंना विचारूनच सांगितलं.

आईनं मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली केली नाही. मग ती बोलली, माझ्याशी नाही, शेजारी उभ्या सिस्टरशी.

"घरी हिला रोज थेंब द्यायचेत ना? मला कसं कळेल चुकलं तर?"

मग आम्ही तिघी बाकावर बसलो. बाळ माझ्या मांडीवर. सुईशिवायची छोटी सिरिंज, थेंबांची बाटली, रोज अर्धा मिली. आईनं औषध ओढलं, सिरिंज उजेडात धरली, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, परत सिरिंजकडे पाहिलं.

"हे जास्त वाटतंय," ती म्हणाली.

एक रेघ जास्त होतं. मला दिसत होतं आणि शेजारच्या सिस्टरलाही दिसत होतं. आम्ही दोघी गप्प बसलो. आईनं दट्ट्या हळूच दाबला, एक थेंब बाटलीत परत सोडला, पुन्हा उजेडात धरलं, रेघा ओठातल्या ओठात मोजल्या आणि मगच मुलीच्या गालाशी सिरिंज नेली.